तापलेलं गेज कोणत्या बाजूला चुकतं, ते आम्हाला सांगा : अणुऊर्जा नियामक मंडळाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
अणुऊर्जा नियामक मंडळ,
अणुशक्तीनगर, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

मी नांदेडला राहतो. उमेदीची वर्षं वीज केंद्राच्या आणि साखर कारखान्यांच्या बॉयलरवर इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून गेली, आता त्याच ट्रेडच्या पोरांना आयटीआयमध्ये शिकवतो. माझ्या हाताखालून गेलेली काही मुलं कंत्राटदारामार्फत तारापूर, काक्रापार, रावतभाटा अशा अणुवीज केंद्रांत शटडाउनच्या, म्हणजे केंद्र बंद ठेवून करायच्या दुरुस्तीच्या कामाला जातात. दिवाळीला गावाकडं आली की भेटतात. मग बोलणं फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतं : गरम जागेत बसवलेलं इन्स्ट्रुमेंट कितपत खरं बोलतं? त्याबद्दलच हे पत्र आहे. उघड लिहितोय, कारण या मुलांच्या आईवडिलांनीही ते वाचावं असं मला वाटतं.

आधीच सांगतो, मी अणुविजेच्या विरोधात नाही. २०१३ च्या दुष्काळात परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं, ते आम्ही पाहिलं आहे. रात्री अडीचला मोटर चालू करायला शेतात जाणाऱ्या माणसाला विजेची किंमत दुसऱ्यानं सांगावी लागत नाही. (अणुकेंद्रालाही पाणी भरपूर लागतं, पण तो विषय वेगळा.) २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात अणुऊर्जा मोहिमेसाठी २०,००० कोटी रुपये ठेवले गेले, २०४७ पर्यंत १०० गिगावॉटचं उद्दिष्ट जाहीर झालं, २०३३ पर्यंत निदान पाच छोट्या अणुभट्ट्या उभ्या करायचं ठरलं. २०२५ च्याच डिसेंबरात संसदेनं नवा कायदा करून खाजगी कंपन्यांना या क्षेत्राचं दार उघडलं आणि आपल्या मंडळाला कायद्याचं पाठबळ दिलं. म्हणजे केंद्रं वाढणार, कंत्राटदार वाढणार आणि मराठवाड्यातून जाणारी मुलंही वाढणार. ही गोष्ट बोलून घ्यायची ती आत्ताच.

आमच्या धंद्यात अचूकता म्हटलं की लोक डेटाशीटचं पहिलं पान दाखवतात. ट्रान्समीटर (मोजलेला आकडा कंट्रोल रूमला पाठवणारं उपकरण) अमुक कंपनीचा, अचूकता ०.१ टक्का. तो आकडा खरा असतो, पण ठराविक तापमानाला. त्याच डेटाशीटवर खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ असते : भोवतालचं तापमान दर २८ अंशांनी बदललं की चूक किती वाढेल. लॅबमध्ये एसी लावून कॅलिब्रेशन करायचं, स्टिकर चिकटवायचं आणि मग तो ट्रान्समीटर नेऊन बॉयलरच्या अंगाला ठोकायचा, हे आम्ही सगळेच करतो. पण ट्रान्समीटरची स्वतःची चूक हा त्यातला लहान भाग आहे. मोठा भाग असतो ट्रान्समीटरपर्यंत येणाऱ्या नळ्यांमध्ये आणि केबलमध्ये, आणि तो कोणत्याही स्टिकरवर लिहिलेला नसतो.

बॉयलरच्या ड्रममध्ये पाणी किती आहे हे कसं मोजतात, ते सांगितलं की माझं म्हणणं स्पष्ट होईल. आपल्याला हे ठाऊकच आहे, पण पत्र इतरही वाचणार आहेत. ड्रमच्या वरच्या बाजूला एक छोटं भांडं असतं, कंडेन्सेट पॉट. वाफ त्यात येते, निवते, तिचं पाणी होतं आणि तिथून खाली ट्रान्समीटरपर्यंत येणारी नळी कायम भरलेली राहते. तिला रेफरन्स लेग म्हणतात, आम्ही वेट लेग म्हणतो. दुसरी नळी ड्रमच्या खालच्या बाजूनं येते. या दोन नळ्यांच्या दाबातला फरक ट्रान्समीटर मोजतो. ड्रममधलं पाणी उतरलं की फरक वाढतो, चढलं की कमी होतो. प्रत्यक्ष पाण्याकडं कोणी बघत नाही, दोन स्तंभ एकमेकांशी तोलले जातात. मोंढ्यातल्या तराजूत एका पारड्यात माल असतो आणि दुसऱ्यात वजनाचं माप, तसं. आता ते मापच आतून झिजलं असेल तर माल कमी असूनही काटा बरोबर दिसणार. वेट लेगमधलं पाणी तापलं की नेमकं हेच होतं. गरम पाणी हलकं असतं. स्तंभ हलका झाला की फरक कमी होतो, आणि पॅनेलवर लेव्हल वर चढलेली दिसते. खरं पाणी तेवढंच असतं, कधी उतरतही असतं.

एका साखर कारखान्यात हंगामाआधीच्या दुरुस्तीत लॅगिंगवाल्यांनी ड्रम फ्लोअरवरचे सगळे पाइप ग्लासवूलनं गुंडाळले आणि वरून ॲल्युमिनियमचा पत्रा मारला. काम सुबक झालं होतं, पण त्या भरात कंडेन्सेट पॉट आणि त्याखालची वेट लेगची नळीही गुंडाळली गेली. ती उघडीच ठेवायची असते, कारण तिथं वाफ निवायला हवी. बॉयलर पेटला, प्रेशरवर आला आणि कंट्रोल रूममधली लेव्हल काचेच्या गेजच्या कितीतरी वर राहू लागली. नेहमीचा फरक आम्हाला माहीत होता, हा त्याहून फार जास्त होता आणि दर तासाला बदलत होता. ट्रान्समीटर खराब आहे असं सगळ्यांचं मत पडलं. तो काढून टेस्ट बेंचवर लावला तर ४ ते २० मिलिअँपिअरचा त्याचा सिग्नल एकदम चोख. झीरो बरोबर, स्पॅन बरोबर, चढतानाही आणि उतरतानाही. मग वर जाऊन, ट्रान्समीटर जिथं जोडतात त्या मॅनिफोल्डजवळ वेट लेगच्या नळीला हात लावला तर चटका बसला. एरवी त्या टोकाला नळी मुठीत धरून उभं राहता येतं. पत्रा कापला, ग्लासवूल ओरबाडून काढली, नळी निवू दिली. सकाळपर्यंत दोन्ही लेव्हल नेहमीच्या फरकावर आल्या. एकही भाग बदलावा लागला नाही.

बॉयलरला काचेचा गेज असतो. शंका आली तर माणूस जिना चढून जातो आणि डोळ्यांनी बघतो. अणुभट्टीच्या इमारतीत, तेही बिघाडाच्या वेळी, वर जाऊन बघायला कोणी जाऊ शकत नाही. तिथं पॅनेलवरचा काटा हाच डोळा.

आणि तिथलं तापमान? समजा आतली एखादी वाफेची लाइन फुटली आणि इमारतीतली हवा १५० अंशांपर्यंत तापली. ३० अंशांना एक घनमीटर पाणी सुमारे ९९६ किलो भरतं, १५० अंशांना ९१७. म्हणजे वेट लेग आठ टक्के हलका. दर मीटर उंचीमागे जवळपास ८० मिलिमीटर पाण्याचा दाब गायब. शिवाय ज्याची लेव्हल मोजायची त्या मोठ्या भांड्यातलं पाणी २९० अंशांचं असेल तर ते स्वतःच खूप हलकं असतं, घनमीटरला साधारण ७३२ किलो. त्या पाण्याच्या हिशेबात हीच चूक मीटरमागे सुमारे ११० मिलिमीटर होते. चार मीटरचा वेट लेग असेल तर लेव्हल सुमारे अर्धा मीटर जास्त दिसेल. ही आकडेमोड दुसऱ्या वर्षाची मुलं स्टीम टेबल (पाण्याच्या आणि वाफेच्या गुणधर्मांचे तक्ते) घेऊन करतात, आणि उत्तर आलं की एकमेकांकडं बघतात.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. अमेरिकेच्या अणू नियामक आयोगानं १३ ऑगस्ट १९७९ ला सगळ्या केंद्रांना एक बुलेटिन पाठवलं, क्रमांक ७९-२१. विषय हाच : लेव्हलच्या मोजमापावर तापमानाचा परिणाम. अपघातानंतरच्या उष्णतेनं वेट लेग तापून स्टीम जनरेटरची (भट्टीच्या उष्णतेवर वाफ करणाऱ्या भांड्याची) लेव्हल खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते, हे एका भट्टी बनवणाऱ्या कंपनीनं त्या जूनमध्ये कळवलं होतं. पाणी कमी झाल्यावर भट्टी आपोआप बंद व्हायची ती उशिरा बंद होण्याचा धोका होता. नंतर १९८३ मध्ये तिथं नियमच झाला, की अपघाताच्या उष्णतेत, दमट वाफेत आणि किरणोत्सर्गात विद्युत उपकरण टिकेल हे आधी सिद्ध करायचं.

पण बुलेटिन येण्याआधीच, १९७९ च्या मार्चमध्ये, जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. २८ मार्च १९७९, पहाटे चार, अमेरिकेतलं थ्री माइल आयलंड अणुकेंद्र. प्रेशरायझरच्या, म्हणजे भट्टीतल्या पाण्याचा दाब टिकवणाऱ्या टाकीच्या वरचा एक रिलीफ व्हॉल्व (जादा दाब सोडणारा) उघडला आणि परत बसलाच नाही. पॅनेलवरचा दिवा विझला होता, म्हणून व्हॉल्व बंद झाला असं धरलं गेलं. तो दिवा व्हॉल्व कुठं आहे हे सांगतच नव्हता, बंद होण्याचा विद्युत आदेश गेला एवढंच सांगत होता. भट्टीतलं पाणी निघून चाललं होतं आणि प्रेशरायझरची लेव्हल मात्र वर चढत होती. पाणी जास्त झालं असं समजून ऑपरेटरांनी आणीबाणीच्या पंपांचं पाणी कमी केलं.

माझ्या मुलांना मी यापुढचा भाग नेहमी थांबून सांगतो, कारण तो आमच्या जातकुळीच्या माणसांचा आहे. गाभ्याच्या, म्हणजे भट्टीतल्या इंधनाच्या वर थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांच्या सांध्यानं तापमान मोजणारी) बसवलेली होती. कॉम्प्युटर ७०० फॅरनहाइट म्हणजे सुमारे ३७० सेल्सिअसपर्यंतच छापत होता, त्यावर गेलं की नुसती प्रश्नचिन्हं. म्हणून इन्स्ट्रुमेंटच्या तंत्रज्ञांनी खाली जाऊन टर्मिनलवर मीटर लावला आणि हातानं मिलिव्होल्ट मोजले. काही थर्मोकपल दोन हजार फॅरनहाइटच्या पुढं दाखवत होती, काही अगदीच कमी. कमी आकडे अशक्य होते. त्यामुळं वरच्या माणसांनी सगळीच रीडिंग अविश्वसनीय ठरवली आणि बाजूला सारली. मोठे आकडे बोलत होते ते खरं होतं. काही वर्षांनी भट्टीत कॅमेरा सोडला, तपास झाला, तेव्हा सुमारे निम्मा गाभा वितळलेला आढळला.

थर्मोकपलवर काम केलेल्याला ते कमी आकडेही खोटे वाटत नाहीत. खूप उष्णतेत थर्मोकपलच्या केबलमधलं इन्सुलेशन ढिलं पडतं, दोन तारांमधून गळती सुरू होते आणि टोकाशिवाय मधेच कुठंतरी नवा सांधा तयार झाल्यासारखं होतं. मग ते टोकाचं तापमान न सांगता त्या मधल्या जागेचं सांगू लागतं. म्हणजे 'थर्मोकपल बिघडलं' हीसुद्धा भट्टीच्या आतली एक बातमीच होती. जालन्याच्या रीरोलिंग मिलमध्ये फर्नेसवर काम करणारा पोरगाही जुनं थर्मोकपल कमी दाखवायला लागलं की आधी विचारतो, हे किती दिवस उष्णतेत होतं? त्या सकाळी मोजणाऱ्या माणसाला कोणी असा प्रश्न विचारायला हवा होता. मोजणारा कनिष्ठ होता आणि ठरवणारा वरिष्ठ, याचा त्यात वाटा किती होता हे मी सांगू शकत नाही, पण माझ्या मुलांना ते सांगावं लागत नाही.

फुकुशिमाचं दुःख आणखी वेगळं. तोवर सगळ्यांना सगळं माहीत होतं. ११ मार्च २०११ ला त्सुनामीनं पहिल्या युनिटची वीज गेली, बॅटऱ्याही बुडाल्या, पॅनेल अंधारात. माणसांनी बॅटऱ्या गोळा करून आणल्या, मीटरला जोडल्या, आणि रात्री सव्वानऊच्या सुमारास लेव्हल दिसली : इंधनाच्या माथ्यापासून २०० मिलिमीटर वर. दिलासा वाटावा असा आकडा. प्रत्यक्षात तोवर इंधन उघडं पडून वितळायला लागलं होतं. बाहेरच्या उष्णतेनं वेट लेगमधलं पाणीच आटून गेलं होतं, आणि वेट लेग रिकामा झाला की गेज कायम 'पाणी आहे' असंच म्हणणार. मे महिन्यात माणसं आत जाऊ शकली, गेज कॅलिब्रेट केलं, तेव्हा कळलं की पाणी इंधनाच्या माथ्याच्या पाच मीटरहून खाली आहे. दोन महिने जग त्या चुकीच्या आकड्याकडं बघत होतं.

इथं मला एक गोष्ट खटकते आणि ती मी स्पष्ट लिहितो. वेट लेग तापला तर चूक होते हे १९७९ पासून लेखी होतं. ती चूक कोणत्या बाजूला होते हेही माहीत होतं : नेहमी जास्त दाखवण्याच्या बाजूला. रात्री सव्वानऊला त्या गेजजवळ उभ्या असलेल्या माणसाला जर पॅनेलवरच लिहिलेलं दिसलं असतं, की 'बाहेरचं तापमान अमुक अंशांच्या वर गेलं असेल तर हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त आहे, यावर विसंबू नये', तर भट्टी वाचली असती असा दावा मी करत नाही. पण त्या माणसानं त्या रात्रीचे निर्णय वेगळ्या धास्तीनं घेतले असते.

आता आपल्याकडचं. तारापूरची पहिली दोन युनिटं १९६९ ची, उकळत्या पाण्याच्या भट्टीची, अमेरिकन बनावटीची. फुकुशिमाचं पहिलं युनिटही त्याच घराण्यातलं. आपली बाकीची बहुतेक केंद्रं जड पाण्याची. त्यांच्यात इंधनाच्या नळ्यांभोवती मॉडरेटरचं (न्यूट्रॉनचा वेग कमी करणारं) थंड पाणी असतं, ते अडचणीच्या वेळी उष्णता ओढून घेतं, हा त्यांचा मोठा गुण मी नाकारत नाही. पण त्यांच्याही स्टीम जनरेटरची लेव्हल याच पद्धतीनं मोजतात, त्यांच्याही केबल त्याच इमारतीतून जातात आणि वाफेची लाइन त्यांच्यातही फुटू शकते. फुकुशिमानंतर मंडळानं तज्ज्ञांची समिती नेमून सगळ्या केंद्रांची फेरतपासणी केली, याची मला जाणीव आहे.

केबलबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण त्या कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. ट्रान्समीटर बदलतात, कार्ड बदलतात, केबल मात्र तीस-तीस वर्षं ट्रेमध्ये पडून असते. रोजच्या उष्णतेनं तिचं आवरण कडक होत जातं. टर्मिनल बॉक्स उघडून तार थोडी वाकवली की जुन्या केबलच्या आवरणाला बारीक भेगा दिसतात, हे माझ्या मुलांनी औष्णिक केंद्रात कितीदा पाहिलंय. साध्या दिवशी त्यानं काही बिघडत नाही. पण गरम दमट वाफ आली की त्या भेगांमधून गळती सुरू होते. ४ ते २० मिलिअँपिअरच्या लूपमध्ये गळतीचा करंट भर घालतो आणि रीडिंग वर जातं. आरटीडीच्या (रेझिस्टन्सवरून तापमान सांगणाऱ्या सेन्सरच्या) दोन तारांमध्ये गळती झाली तर रेझिस्टन्स कमी भासतो आणि तापमान कमी दिसतं. म्हणजे एकाच वाफेत पाणी जास्त दिसू शकतं आणि उष्णता कमी. दोन्ही चुका माणसाला धीर देणाऱ्या. तिसरी एक गोष्ट ट्रान्समीटरच्या आतल्या तेलाची. प्रेशर कॅप्सूलमधलं सिलिकॉन तेल फार हळू झिरपून जातं, ट्रान्समीटर सुस्त होतो, पण स्थिर दाबावर कॅलिब्रेशन केलं तर बरेच दिवस ठीकच दिसतो. अमेरिकेत १९९० मध्ये यावर वेगळं बुलेटिन काढावं लागलं.

आणि उत्तर प्रदेशातलं नरोरा अणुकेंद्र. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला आणि आग केबलच्या वाटेनं पसरली. सुमारे सतरा तास केंद्राला वीज नव्हती. कंट्रोल रूम धुरानं भरली, माणसांना बाहेर पडावं लागलं. अणुप्रक्रिया पुन्हा सुरू होऊ न देणारं बोरॉनचं पाणी भट्टीत सोडण्यासाठी कर्मचारी बॅटरीचे दिवे घेऊन चढून गेले. किरणोत्सर्ग बाहेर आला नाही, त्याचं श्रेय त्या माणसांना द्यायलाच हवं. पण आपल्या देशातली सर्वांत गंभीर घटना ज्या रात्री घडली त्या रात्री पॅनेलवर विश्वास ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि ते केबलमुळं उरलं नव्हतं.

त्याच वर्षी ३० सप्टेंबरला आमच्याकडं किल्लारी झालं. तोवरच्या नकाशात लातूरचा पट्टा भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या श्रेणीत होता. सुमारे दहा हजार माणसं गेली. नंतर नकाशा बदलला, पहिली श्रेणीच काढून टाकली आणि लातूर तिसऱ्या श्रेणीत गेलं. म्हणून 'कागदावर सगळं मर्यादेत आहे' हे वाक्य मराठवाड्यातल्या माणसाला ऐकवलं की त्याचं समाधान होत नाही. तो विचारतो, कागद चुकला तर किती आणि कुठल्या बाजूला चुकेल? मी आपल्याला तेवढंच विचारतोय.

माझं मागणं असं आहे. प्रत्येक केंद्रातल्या सुरक्षेशी जोडलेल्या मुख्य मोजमापांची, म्हणजे लेव्हल, दाब, तापमान आणि व्हॉल्वची स्थिती यांची, अपघाताच्या उष्णतेत अपेक्षित चूक किती आणि कोणत्या बाजूला, हे मंडळानं सर्वांना वाचता येईल असं प्रसिद्ध करावं. डिझाइनची गुपितं कोणी मागत नाही. कुठल्या भिंतीमागं कुठला ट्रान्समीटर आहे हेही नको. 'या प्रकारचं मोजमाप, एवढ्या तापमानापर्यंत विश्वासाचं, त्यापुढं जास्त दाखवतं' एवढ्या ओळी पुरेत. आणि तीच ओळ कंट्रोल रूममध्ये त्या इंडिकेटरच्या शेजारी, ऑपरेटरच्या नजरेत येईल अशी लावणं सक्तीचं करावं. एकाच पद्धतीचे चार ट्रान्समीटर लावले तर उष्णतेत चारही एकाच बाजूला चुकतील, म्हणून निदान एक मोजमाप वेगळ्या तत्त्वावरचं असावं. नव्या छोट्या भट्ट्यांना आणि खाजगी कंपन्यांना परवानगी देताना तर ही अट पहिल्या कागदावर हवी. बांधून झाल्यावर अशी जागा काढता येत नाही.

केबलचं वय आणि इन्सुलेशनच्या तपासण्यांचे निष्कर्ष केंद्रागणिक दरवर्षी बाहेर यावेत. वार्षिक अहवालात तपासण्यांच्या नोंदी असतात, त्यातच ही चार पानं वाढवता येतील.

सिम्युलेटरवर ऑपरेटरांची परीक्षा घेताना खोटं बोलणारं गेज द्यावं. पंप बंद पडला, व्हॉल्व अडकला, हे सराव गरजेचे आहेतच. पण लेव्हल छान दिसतेय आणि बाकी सगळं विसंगत आहे, अशा वेळी माणूस कशावर विश्वास ठेवतो, हे तपासल्याशिवाय लायसन्स देऊ नये.

आणि मला सगळ्यात जास्त कळकळीनं मागायचं आहे ते तंत्रज्ञांसाठी. टर्मिनलवर मीटर लावून ज्यानं आकडा पाहिला, त्याला तो आकडा स्वतःच्या नावानं, वेळ घालून, लॉगबुकात लिहायचा हक्क असावा. तो विचित्र वाटला तरी खोडला जाऊ नये. 'विश्वसनीय नाही' असं ज्याला म्हणायचं असेल त्यानं खाली कारण लिहून सही करावी. हा हक्क कंत्राटी माणसालाही हवा. कंत्राटदाराचा पोरगा आज विचित्र रीडिंग सांगायला कचरतो, कारण उद्या गेटपास मिळेल की नाही याची त्याला भीती असते. औष्णिक केंद्रांत आणि कारखान्यांत मी हे वर्षानुवर्षं पाहिलं आहे. अणुकेंद्रात ते नसेल तर आनंदच आहे, आणि नसेल तर असा नियम करायला अडचणही नसावी.

आपल्याच अणुऊर्जा विभागाच्या पुढाकारानं आमच्या शेजारी, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लिगो ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहतेय. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि प्रोटॉनच्या व्यासाहून हजारो पटींनी लहान हालचाल टिपणारं यंत्र. तिथले शास्त्रज्ञ यंत्र काय मोजतं याइतकाच वेळ ते कशानं फसू शकतं हे शोधण्यात घालवतात, आणि सापडलेलं छापून मोकळे होतात. तीच सवय वीज केंद्रांच्या कामात यावी, ही अपेक्षा मोठी नाही.

शेवटची विनंती शिक्षक म्हणून. थ्री माइल आयलंडची थर्मोकपल, फुकुशिमाचा वेट लेग, नरोराच्या केबल, या तीन घटनांवर इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक ट्रेडसाठी मराठीत एक छोटी पुस्तिका मंडळानं काढावी. आकृत्या, स्टीम टेबलवरची उदाहरणं आणि शटडाउनला गेल्यावर काय बघायचं, काय लिहून ठेवायचं, एवढं त्यात असलं तरी पुरे. मजकूर तपासून द्यायला, वर्गात शिकवून बघायला मी तयार आहे, आणि नांदेड, परळी, जालना भागातले माझे सोबतीही तयार आहेत. आयटीआयचं नवं सत्र ऑगस्टमध्ये सुरू होतं. त्याआधी कच्चा मसुदा जरी हाती आला तरी याच बॅचपासून सुरुवात करता येईल.

कळावे,
आपला,
इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक ट्रेडचा एक शिक्षक,
नांदेड